पगाराची पट्टी कामगारांना कशी समजावून सांगायची?

चटईवाला_जळगाव

मंडळी, जळगाव एमआयडीसीत प्लॅस्टिक चटईच्या एका युनिटमध्ये मी अकाउंट आणि पगार दोन्ही बघतो. नव्वदेक माणसं आहेत. ७ तारखेला पगार खात्यात पडतो आणि ८ तारखेला माझ्या खिडकीशी रांग लागते. "भाऊ, मना पैसा कोठे गयात?" हा एकच प्रश्न. कोणी अहिराणीत विचारतो, कोणी लेवा बोलीत, सातपुड्याकडची पोरं पावरीत आपसात बोलून एकाला पुढे करतात, आणि यूपीवाले थेट मोबाईलमधला बँकेचा मेसेज नाकासमोर धरतात.

या वेळी तर कहर झाला. फेब्रुवारीच्या पगारात व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापला जातो. वर्षाचे २,५०० भरायचे, म्हणून अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००. दरवर्षीचंच आहे. तरी त्या शंभर रुपयांपायी दोन दिवसांत चाळीस जणांना तीच कॅसेट वाजवून दाखवली.

आमच्या ऑपरेटरची साधारण स्लिप अशी: मूळ आणि महागाई भत्ता १४,०००, घरभाडे ७००, इतर भत्ता ३,३००, एकूण १८,०००. कपात: पीएफ १,६८०, ईएसआय (दवाखान्याचा सरकारी विमा) १३५, व्यवसाय कर २००. हातात १५,९८५. हिशोब चोख आहे, पण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर "हा आपल्याला गंडवतोय" हेच असतं. मालक म्हणतात, एक मीटिंग घे आणि सगळ्यांना एकदाच सांगून टाक. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात, चहा पितात आणि पुढच्या ८ तारखेला परत रांगेत. कोणाला काही जमलंय का?

भरीतप्रेमी

मीटिंगला चहाऐवजी भरीत-भाकरी ठेवा, निदान माणसं शेवटपर्यंत बसतील.

बाकी तो तीनशेवाला प्रश्न आमच्या ऑफिसात एम.कॉम. झालेले पण विचारतात. मीही विचारला होता. पहिल्या वर्षी.

नाना_यावल

चटईवाले भाऊ, मी भुसावळला बिलं करण्यात उभी नोकरी घालवली. आमच्या सुरुवातीच्या काळात पगार रोख मिळायचा. पे-क्लार्क समोर नोटा मोजायचा, माणूस पुन्हा मोजायचा, मग सही नाहीतर अंगठा. भांडण व्हायचं ते तिथेच, टेबलाशी, आणि तिथेच मिटायचं. आता पैसे परस्पर खात्यात जातात. माणसाला दिसतो फक्त शेवटचा आकडा, त्याच्या वरची बेरीज-वजाबाकी त्याने पाहिलेलीच नसते. संशय तिथून सुरू होतो. त्याला दोष देऊ नका.

आता माझी युक्ती. तुमच्या नव्वदपैकी निम्म्यांच्या घरी तरी दोन-चार एकर असेल. कापूस, मका, कोणाची केळी. बाजार समितीतली हिशोबपट्टी ही माणसं डोळे मिटून वाचतात. इतके क्विंटल, इतका भाव, त्यातून हमाली, तोलाई, उरले ते हातात. एक रुपया इकडचा तिकडे झाला तर अडत्याला जागचं हलू देत नाहीत. आणि तुम्ही म्हणता त्यांना हिशोब कळत नाही!

तेव्हा स्लिप म्हणू नका, पट्टी म्हणा. त्याच क्रमाने मांडा. फक्त एक फरक ठासून सांगा: हमाली गेली ती गेली, पीएफ मात्र परत येतो. कपातीचे तीन गठ्ठे करा. गेले, साठले, विम्याचे. तुमच्या आकड्यांत गेले ते फक्त २००. साठले १,६८०. विम्याचे १३५. "दोन हजार पंधरा कापले" असं ऐकलं की पोटात गोळा येतो, "दोनशे गेले" ऐकलं की माणूस शांत होतो. आकडे तेच.

चटईवाला_जळगाव

नाना, हे डोक्यात आलंच नव्हतं. आमच्या एक्स्ट्रूडरवरचा एक जण मागच्या हंगामात कापसाच्या वजनावरून व्यापाऱ्याशी दोन तास भांडून आला होता. तोच स्लिप उलटी धरतो.

शिरपूरची_अक्का

मी आधी सूतगिरणीत कामाला होते, आता एका कारखान्यात हजेरी बघते. तुमची सगळी चर्चा पीएफवर चाललीय, पण खिडकीवरची खरी भांडणं खाड्यांची असतात. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा महिना आठवा. बाया माहेरी जातात, तीन दिवसांचे पाच होतात. मग पगार हातात आला की डोळे फिरतात.

माणूस मनात काय हिशोब करतो? महिना तीस दिवसांचा, १८ हजार भागिले तीस, म्हणजे रोज सहाशे. तीन खाडे म्हणजे अठराशे. पण आमच्याकडे, आणि बहुतेक तुमच्याकडेही, भागतात २६ ने, कारण चार रविवार बाजूला काढलेले असतात. मग रोज पडतो ६९२ आणि तीन खाड्यांचे होतात २,०७७. पावणेतीनशेचा हा फरक त्याला कोणी कधी सांगितलेलाच नसतो. त्याला वाटतं, साहेबाने खाल्ले.

मी कामावर घेतानाच सांगते: "तुमचा रोज ६९२, सहाशे नाही. रविवारचा पगार याच २६ दिवसांत आला." पुढे एक शब्दही बोलावा लागत नाही. काही ठिकाणी तीसने भागतात, तिथे सुट्टीच्या आगे-मागे खाडा झाला तर रविवारही कापतात. तुमच्याकडे काय पद्धत आहे ती आधी लिहून लावा. मालकाला धड माहीत नसेल, तर कामगाराला कुठून माहीत असणार?

चटईवाला_जळगाव

अक्का, आमचं २६ चंच आहे. तुम्ही म्हणालात म्हणून आत्ता तीन खाड्यांची पट्टी करून पाहिली. एकूण १५,९२३ होतात. पण पगार कमी झाला की पीएफही कमी, तो १,४८६ वर येतो, ईएसआय १२०, व्यवसाय कर तेवढाच २००. हातात १४,११७. म्हणजे खाड्यांचे २,०७७ गेले, पण कपातही २०९ ने उतरली. हे मी स्वतः कधी असं मांडून पाहिलं नव्हतं. सॉफ्टवेअर करतं, आपण प्रिंट मारतो.

शिरपूरची_अक्का

अजून एक, सॉफ्टवेअरचा विषय काढलात म्हणून. बायांचा व्यवसाय कर तपासा. १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिलेचा पगार महिना २५ हजारांपर्यंत असेल तर व्यवसाय कर शून्य आहे. आधी ही मर्यादा दहा हजार होती. पुरुषांना मात्र दहा हजारांच्या वर पगार गेला की २०० सुरू. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनाच तक्ता पडून होता आणि पॅकिंगच्या अकरा जणींचे पैसे सात महिने कापले जात होते. माझेही. पकडलं कोणी? माझ्या शेजारी बसणाऱ्या एका बाईच्या बारावीतल्या पोरीने, मोबाईलवर. पुढच्या पगारात परत मिळाले, पण तोवर मी हजेरी बघत होते आणि माझीच स्लिप वाचत नव्हते.

चटईवाला_जळगाव

तपासलं. आमच्याकडे बरोबर आहे. हुश्श.

पुण्यातला_खान्देशी

विषय थोडा बाजूला नेतो. मूळ चाळीसगावचा, सध्या हिंजवडीत. पॅकेज ३ लाख ६० हजार सांगितलं, घरी पेढे वाटले, आईने कानबाईला नारळ फोडला. महिना तीस हजार धरून चाललो होतो. पहिला पगार साडेपंचवीस हजारांच्या आत. वडील अजून विचारतात, उरलेले कुठे उडवतोस?

धुळे_लेबरलॉ

वडिलांना हे वाचून दाखव. पॅकेज म्हणजे तुझ्यावर कंपनीचा होणारा सगळा खर्च, तुझा पगार नव्हे. तीस हजारांत कंपनीने भरायचा पीएफ १,८०० आधीच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद म्हणून मूळ पगाराचे ४.८१ टक्के धरलेले असतात. मूळ पगार १५ हजार असेल तर ते ७२२. राहिले २७,४७८. आता तुझा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा कर. २५,४७८. जुळलं? पीएफचे दोन्ही १,८०० तुझ्याच नावावर जमा होताहेत. ग्रॅच्युइटी मात्र साधारणपणे पाच वर्षं टिकलास तरच.

पुण्यातला_खान्देशी

रुपयाला रुपया जुळलं. वडील म्हणतात, मग पेढे साडेपंचवीस हजारांचेच वाटायला हवे होते.

धुळे_लेबरलॉ

आता चटईवाले भाऊंकडे. मी पीएफ-ईएसआयची कामं करतो, म्हणून एक गोष्ट खटकली ती बोलतो. तुमचा ३,३०० चा 'इतर भत्ता' सगळ्यांना सरसकट मिळतो ना? मग त्यावर पीएफ का नाही? सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की सर्वांना सारखा दिला जाणारा भत्ता पीएफसाठी मूळ पगारातच धरायचा. घरभाडे वगळता येतं. १४,००० अधिक ३,३०० म्हणजे १७,३००, पण पीएफच्या पगाराची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार आहे. म्हणून १५ हजारांवर १२ टक्के, म्हणजे १,८००. कामगाराचे १२० जास्त कापले जातील, मालकालाही तेवढेच जास्त भरावे लागतील. लोकांना पट्टी शिकवायची तर आधी पट्टी बरोबर हवी.

चटईवाला_जळगाव

मुद्दा बरोबर आहे. मालकांना हे मी एकदा सांगितलंय. उत्तर आलं, "बघू." खान्देशात 'बघू' म्हणजे काय ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

धुळे_लेबरलॉ

ठाऊक आहे. माझी निम्मी बिलं 'बघू'वरच अडकलेली आहेत.

पीएफचं पासबुक दाखवाल तेव्हा हमखास येणारा एक प्रश्न आधीच सांगून ठेवतो. कामगाराच्या रकान्यात १,६८० दिसतात आणि मालकाच्या रकान्यात फक्त ५१४. लगेच ओरड, "मालकाने कमी भरले!" मी स्वतः एका कारखान्यात यावरून गेट बंद पडलेलं पाहिलंय. तसं नाही. मालकही १२ टक्केच भरतो, पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात. इथे ते १,१६६. राहिलेले ५१४ पीएफमध्ये. पासबुकात पेन्शनचा तिसरा रकाना वेगळा असतो, बोट ठेवून दाखवा. दोन्ही मिळून १,६८०. पेन्शनच्या रकान्यावर व्याज चढत नाही, हेही लपवू नका. दहा वर्षं नोकरी भरली तर ५८ व्या वर्षापासून पेन्शन, त्याआधी नोकरी सुटली तर ठरलेल्या तक्त्याने पैसे काढता येतात.

आणि यापलीकडे मालक अर्धा टक्का विम्यासाठी भरतो. नोकरीत असताना माणूस गेला तर वारसाला सात लाखांपर्यंत मिळू शकतात. हे स्लिपवर कुठेच नसतं म्हणून कोणाला माहीत नसतं. नॉमिनी भरून घ्या. लग्नाआधी आईचं नाव टाकलेलं असतं, मग लग्न होतं, पोरं होतात आणि कागद तसाच राहतो.

सुरतलाईन

नंदुरबारकडचा आहे. आमच्याकडे बरीच माणसं ठेकेदारामार्फत. ठेकेदार बदलला की नवा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) काढतात, जुना कोणाला आठवत नाही. एका माणसाचे तीन यूएएन पाहिलेत मी. यूएएन एकच असतो आणि नोकरी बदलली तरी तोच चालतो, हे पट्टीच्या डोक्यावर ठळक छापा. ठेकेदाराने पीएफ बुडवला तर मूळ कारखान्याच्या मालकाची जबाबदारी संपत नाही, हेही सांगा. ते सांगितल्यावर मालक तुम्हाला किती दिवस ठेवील ते मला माहीत नाही.

ओटीबद्दल कोणी बोललं नाही. जादा तासांचे पैसे दुप्पट दराने. त्यावर पीएफ कापत नाहीत, ईएसआय मात्र कापतात. म्हणून ज्या महिन्यात ओटी जास्त, त्या महिन्यात ईएसआय फुगतो आणि लोक विचारतात, हा आकडा का हलला?

धुळे_लेबरलॉ

बरोबर. पण २१ हजारांची ईएसआयची मर्यादा मोजताना ओटी धरत नाहीत. आणि मधेच पगारवाढ होऊन कोणी २१ हजारांच्या वर गेलं तरी चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चपर्यंत, कपात आणि उपचार दोन्ही चालू राहतात. जुलैत वाढ झालेला माणूस ऑगस्टमध्ये भांडायला येतो. त्याला सांगा, पाऊण टक्का तुमचा, सव्वातीन टक्के मालकाचे. तुमचे १३५, त्यांचे ५८५.

भरीतप्रेमी

१३५ रुपयांत बायको-पोरांसकट दवाखाना. मी चार वर्षं ईएसआयचं कार्डच काढलं नव्हतं. बाळंतपण खासगीत केलं, कर्ज काढून. नंतर कळलं की बायकोचंही झालं असतं. यावर विनोद सुचत नाही.

नाना_यावल

पाहा, मी याला नुसतं 'विम्याचे' म्हणून पुढे गेलो होतो. भरीतप्रेमींचं उदाहरण सांगितलंत तर तो गठ्ठा लोक विसरणार नाहीत. त्यांची हरकत नसेल तर.

भरीतप्रेमी

सांगा. नाव नका घेऊ.

चटईवाला_जळगाव

पाच आठवड्यांनी परत येतोय, मधे मार्च एंड होता.

मीटिंग घेतली नाही. पाळी बदलताना रोज सहा-सात जणांना बसवलं, प्रत्येकाच्या हातात त्याचीच पट्टी. नमुना स्लिप नाही, दुसऱ्या कोणाची नाही. तीन रंगांचे स्केचपेन दिले. गेले ते लाल, साठले ते हिरवे, विम्याचे निळे. एका आजोबांनी सगळंच हिरवं केलं, म्हणाले, "सरकारला दिलेलंही वाया जात नाही भाऊ." मी काय बोलणार!

मग फोनवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल. यूएएन चालू असेल आणि नंबर जोडलेला असेल तर पीएफची शिल्लक मेसेजने येते. खोलीतलं वातावरण इथे बदललं. पॅकिंगमधल्या एका बाईंच्या मोबाईलवर ८७ हजारांच्या पुढचा आकडा आला. तिने तीनदा वाचून घेतला आणि विचारलं, "हा पैसा मनाच शे ना?" इतकी वर्षं तिच्या लेखी तो पैसा गेलेलाच होता.

चौथ्या दिवशी मात्र मी अडकलो. लेथवरचा एक पोरगा, शांत, फारसं न बोलणारा. त्याने मोबाईलमधल्या उमंग अ‍ॅपवरून पीएफचं पासबुक उघडलं, बोट खाली-खाली नेलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊ, जानेवारीच्या पट्टीत १,६८० हिरवे केले. इथे जानेवारी नाही. फेब्रुवारी पण नाही."

दोन महिन्यांचा पीएफ भरला गेला नव्हता. मला माहीत होतं. माल गेला होता, पैसे अडकले होते, मालक म्हणाले होते, मार्चमध्ये एकदम भरू. महिन्याचा पीएफ पुढच्या १५ तारखेच्या आत भरायचा असतो हे मला पाठ आहे, चलन मीच करतो. पण कामगाराच्या पगारातून कापून न भरणं आणि स्वतःच्या खिशातलं उशिरा देणं यात फरक असतो. तो इतके दिवस मी स्वतःपासूनच लपवून ठेवला होता. त्या पोराला मी खरं सांगितलं. खोलीत कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी मालकांच्या केबिनमध्ये गेलो. नीतीच्या गोष्टी केल्या नाहीत. उशिराचं १२ टक्के वार्षिक व्याज, वर दंड, आणि कामगारांच्या हिश्शाचं फौजदारी प्रकरण, एवढंच कागदावर लिहून पुढे ठेवलं. मालक बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "यांना पासबुक बघायला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात ना, एकदा सांगून टाक.

तिसऱ्या दिवशी दोन्ही चलनं भरली. इतर भत्त्यावर अजून 'बघू' आहे.

शिरपूरची_अक्का

नोकरी आहे ना तुमची?

चटईवाला_जळगाव

आहे. ८ तारखेला रांगही होती, पण छोटी, पंधरा-सोळा जण. "पैसा कोठे गयात" कोणी विचारलं नाही. विचारत होते, मार्चचं पासबुकात कधी दिसेल? मी तारीख सांगितली आणि त्यांनी ती मोबाईलमध्ये टाकून घेतली. आता मलाच १५ तारखेची धास्ती.

धुळे_लेबरलॉ

चलन भरल्यावर पासबुकात दिसायला थोडे दिवस लागतात हे सांगितलंत ना? नाहीतर १६ ला सकाळी दारात उभे राहतील.

चटईवाला_जळगाव

सांगितलं. तरी उभे राहतील.

बरं, २७ तारीख येतेय. पीएफवाल्यांचं 'निधी आपके निकट' शिबिर असतं ना दर महिन्याला, तिथे दोघांना घेऊन चाललोय. एकाचं आधारवरचं नाव वेगळं आहे, दुसऱ्याचे दोन यूएएन निघालेत. सोबत काय काय न्यावं लागेल?

सुरतलाईन

दोन यूएएनवाल्याच्या जुन्या नोकरीची एखादी तरी स्लिप मिळाली तर बघा. ठेकेदाराची असली तरी चालेल.

नाना_यावल

आधार, पॅन, बँकेचं पासबुक. झेरॉक्स दोन-दोन. आणि आधारला जोडलेला मोबाईल त्या माणसाच्या खिशात हवा, पोराकडे घरी राहिला तर ओटीपी येणार नाही आणि फेरी वाया जाईल.